सव्वातीनचा हल्ला, एकची एस.टी.

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीला वर्षं उलटली, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी न चुकता घेतो, तरी तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. पण कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत एका छापखान्यावर झालेल्या 'हल्ल्या'नं मला जेवढं छळलं, तेवढं कशानंच छळलं नाही. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळून काही उपयोग नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. माझ्या हद्दीत एक सांजदैनिक निघायचं. चार पानांचं, दुपारी छापलेलं, साडेचारला चौकाचौकात विकलं जाणारं. त्याच्या प्रकाशकांना गावात सगळे 'मालक' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

मालकांनी पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापून सुरुवात केली होती. मग साप्ताहिक, मग दैनिक. पेठेत कुणाच्या दारात गटार तुंबलं तर माणूस महापालिकेत जायच्या आधी मालकांकडे जायचा. मालकांनी छापलं की दुसऱ्या दिवशी गटार साफ. हे खरंच चांगलं काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण छापलं की माणसं घाबरतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून गाडी घसरली. आधी नगरसेवक झाले. माझ्या वेळी ते विधानसभेला उभे होते आणि पेपराच्या पहिल्या पानावर रोज स्वतःचा हात जोडलेला फोटो छापत होते.

या पेपराची एक खोड होती. कार्यक्रमाची बातमी ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवत. निमंत्रणपत्रिका आली की तिच्यावरूनच 'उत्साहात पार पडला' लिहून मोकळे. एकदा शांतता समितीच्या बैठकीत मी 'मौलिक मार्गदर्शन' केल्याचं आणि 'टाळ्यांचा कडकडाट' झाल्याचं छापून आलं. प्रत्यक्षात बैठक रद्द झाली होती, कारण मी दिवसभर कळंबा जेलवर बंदोबस्ताला होतो. वरिष्ठांनी मला विचारलं, "एकाच वेळी दोन ठिकाणी कसे काय होतात तुम्ही?" मी चिडून मालकांकडे गेलो.

"साहेब, तुम्ही आला असता तर ह्येच बोलला असता की," मालक शांतपणे म्हणाले. "मग बिघडलं काय? चहा घ्या."

अशा माणसाशी काय बोलायचं? चहा पिऊन परत आलो.

मतदानाला दहाएक दिवस उरले असतील. दुपारी साडेतीनला ठाणे अंमलदारानं फोन घेतला. छापखान्यावर हल्ला झाला, आग लावली, मालक थोडक्यात बचावले. आम्ही पोचलो तेव्हा आग विझलेली होती आणि बाहेर कार्यकर्त्यांच्या घोषणा सुरू होत्या. खिडकीची एक काच फुटली होती. मालकांच्या हाताला पट्टी होती. कागदाच्या खोलीतला एक कोपरा काळा झाला होता.

पंचनामा करताना एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती. जळालेले गठ्ठे सगळे न खपलेल्या जुन्या अंकांचे होते. कोरा कागद पलीकडच्या भिंतीला नीट रचून ठेवलेला, त्याला धगसुद्धा लागली नव्हती. आग लावणारा रद्दी निवडून लावतो होय? पण बाहेर घोषणा चाललेल्या, वरिष्ठांचा फोन येऊन गेलेला, "निवडणूक आहे, चोवीस तासांत आरोपी पाहिजे." मी ते पंचनाम्यात लिहिलं आणि डोक्यातून काढून टाकलं. ही माझी पहिली चूक.

फिर्यादीत मालकांनी वेळ दिली सव्वातीन आणि संशय घेतला त्यांच्याच जुन्या कंपोझिटरवर. हा माणूस शहराला लागून असलेल्या उचगावचा. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला आणि मोलमजुरी करून पोरांना शिकवलं. यानं मालकांच्या छापखान्यात अठरा वर्षं शिशाचे खिळे जुळवून पेपर काढला होता. संगणक आला, खिळे भंगारात गेले आणि त्यांच्यामागून यालाही घरी पाठवलं. तेव्हा तो सगळ्यांसमोर मालकांना वाटेल ते बोलला होता आणि कामगार न्यायालयात गेला होता. आता तो विरोधी उमेदवाराच्या सभेत दिसला, असं मालकांचं म्हणणं.

पावणेसहाला निनावी फोन आला. "तुमचा माणूस उचगावात घरात हाय. रॉकेलचा डबा बी हाय घरात." खबर मिळाली म्हणून आम्ही लगेच जीप काढली. आज या खबरीचं मला हसू येतं. त्या काळी उचगावात रॉकेलचा डबा नसलेलं घर दाखवा म्हटलं असतं तर कुणाला सापडलं नसतं. पावणेसातला त्याला अटक दाखवली, डबा जप्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी उरकेपर्यंत त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली होती. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद.

"साहेब, ह्यो कागूद बघा," ती म्हणाली. "आठ वर्सं अर्ज करतोय. वय जायाला चार म्हैनं ऱ्हायलं तवा ही आर्डर आली."

सरकारी कचेरीत शिपाई म्हणून नेमणुकीचा आदेश होता. अनुशेषाच्या भरतीतला. अजून तो कायम झाला नव्हता. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो, हे मला पाठ होतं. कायम नसलेल्याला तर कुणी निलंबितही करत बसत नाही, सरळ घरी पाठवतात. अटकेपासून चोवीस तासांत, म्हणजे संध्याकाळी पावणेसातच्या आत, त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून मी पोलीस कोठडी मागितली, की या बाईच्या हातातल्या कागदाची रद्दी होणार होती.

"काही केलं नसेल तर सुटेल," मी म्हणालो. हे वाक्य पोलीस किती सहज बोलतात! बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला.

दहा वाजता त्याला माझ्या खोलीत आणला. टेबलावर कागद पसरलेले, बाजूला माझा रायटर, म्हणजे तपासाची लिखापढी करणारा हवालदार, बसलेला.

"काल सव्वातीनला कुठे होतास?"

"घरात झोपलोतो साहेब. सकाळी कामगार कोर्टात तारीख हुती, दिसाची रजा टाकून गेलतो. फुडली तारीख मिळाली. मग घरी आलो, जेवलो, झोपलो."

"कुणी पाहिलं?"

"झोपल्याला मानूस कोन बघत बसतंय?"

मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. तो घाबरला होता, पण नजर माझ्याकडे नव्हती. माझ्यासमोरच्या कागदावर होती. मी वैतागून म्हणालो, "इकडे बघ! काय बघतोयस तिथं?"

"साहेब, माझा जबाब लिवून झालाय व्हय?" त्यानं विचारलं. "मी अजून काय बोललोच न्हाई."

मी खाली पाहिलं. कागद माझ्याकडे तोंड करून होता, म्हणजे त्याच्या बाजूनं पूर्ण उलटा. तरी तो सरळ वाचायला लागला. "'कामावरून कमी केल्याचा राग मनात धरून मी रॉकेलचा डबा घेऊन...' ह्येच हाय न्हवं, साहेब?"

अठरा वर्षं ज्यानं उलटे खिळे उलट्या ओळींत जुळवले, त्याला कागद कुठूनही ठेवला तरी सारखाच.

मी रायटरकडे पाहिलं. तो निर्विकारपणे म्हणाला, "साहेब, रिमांडला टाईम कमी हाय. म्हटलं तयार करून ठेवावं. शेवटी ह्येच सांगणार की तो."

शेवटी हेच सांगणार. तुम्ही आला असता तर हेच बोलला असता. दोन वाक्यांत काय फरक होता? मालकांना मी चार लोकांत शिव्या घालत होतो आणि माझ्याच टेबलावर माझाच माणूस तोच धंदा करत होता. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तो कागद उचलला आणि फाडला. रायटरचा चेहरा पडला.

कंपोझिटर फाटलेल्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कालचा पेपर हाय का साहेब हितं?"

होता. काल साडेचारलाच माझ्या हातात पडला होता. पहिल्या पानावर चार कॉलमी मथळा, आमच्या उमेदवारावर भ्याड हल्ला. त्यानं तो सावकाश वाचला, मग बोटानं एक ओळ दाखवली.

"'आज दुपारी सव्वातीन वाजता.' आता बघा साहेब. सव्वातीनला आग लागली. मग बातमी लिवायची, कॉम्प्युटरवर बसवायची, प्लेट काढायची, चार पानं छापायची, घड्या घालायच्या. आन साडेचारला तुमच्या हातात? त्यांचं मशीन म्हनजे उडनारं इमान न्हवं."

काल पेपर हातात आला तेव्हा ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मीही वाचकच. छापलेलं वाचलं आणि खरं धरलं.

"मालक म्हनतील, घाई करून काढला," तो पुढे म्हणाला. "तुमी जिल्ह्याच्या पार टोकाला जातोय त्यो चंदगडचा गठ्ठा बघा. चंदगडला पन्नास अंक जात्यात. एकच्या एस.टी.नं. गाडी चुकवायची न्हाई, ह्यो आमच्यातला पयला नियम हुता."

त्यानं समजावून सांगितलं. खिळ्यांच्या काळात तो तालुक्याचा अंक आधी छापून एकच्या गाडीला द्यायचा, मग पहिल्या पानावरचे खिळे काढून ताज्या बातम्या बसवायचा आणि शहराचा अंक काढायचा. संगणक आल्यावर अख्खं पान पत्र्याच्या प्लेटवरून छापलं जाऊ लागलं आणि शहरासाठी दुसरी प्लेट काढायचा खर्च मालकांनी टाळला. एकच प्लेट, सगळीकडे तोच अंक.

मी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. चंदगडच्या ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला. पेपर विकणाऱ्या एजंटाकडून कालचा अंक आणि गठ्ठ्याची पार्सल चिठ्ठी ताब्यात घ्या, पंचनामा करा, शिपायाला पहिल्या एस.टी.त बसवा. तिथल्या अंमलदारानं उलट विचारलं, "पेपर? कशासाठी?" मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तोवर मी छापखान्यातल्या संगणकवाल्याला बोलावलं. चष्मेवाला, शांत माणूस.

"हल्ल्याची बातमी तुझ्याकडे कधी आली?"

"आदल्या दिवशी सांजच्याला, साहेब. मालक म्हनले, पयल्या पानावर घे. घेतली."

"उद्या आपल्याच छापखान्यावर हल्ला होणार आहे, हे वाचून तुला काही वाटलं नाही?"

तो गोंधळला. "आमी वाचत न्हाई साहेब, बसवतो. आमच्यात सगळ्याच बातम्या आदल्या दिवशी येत्यात."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मालकांचा बेत काय असणार ते आता दिसत होतं. त्या दिवशी मशीन उशिरा चालवायचं, म्हणजे हल्ला आधी आणि पेपर नंतर. पण स्वतः प्रचारात गुंतले आणि मशीनवाल्याला उशिरा चालव म्हणून सांगायचं राहून गेलं. त्यानं रोजच्यासारखं बाराला मशीन चालवलं आणि एकच्या गाडीला गठ्ठा दिला. चंदगडात मालकांचा मतदार नव्हता, त्यामुळे चंदगडचा गठ्ठा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन वाजून गेले, शिपाई आला नाही. साडेतीन झाले. मी स्वतः स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडी वाटेत पंक्चर झाली होती. सव्वाचारला शिपाई उतरला, काखेत पेपर. पहिल्या पानावर तीच बातमी, तेच सव्वातीन. आणि पार्सल चिठ्ठीवर कोल्हापूर सुटल्याची वेळ, एक वाजून पाच मिनिटं.

पाचच्या आत मी कंपोझिटरला कलम १६९ खाली, म्हणजे पुरावा नाही म्हणून, जातमुचलक्यावर सोडायचे कागद केले. त्याच्यासाठी चहा मागवला. त्याला आता मी 'अहो' म्हणत होतो. चहाबरोबर त्या दिवशीचा सांजपेपर आला. मी उघडला, तर पहिल्याच पानावर मथळा. 'आरोपीची गुन्ह्याची कबुली. न्यायालयाकडून चार दिवसांची कोठडी.' कोठडी भोगणारा माणूस माझ्यासमोर बशीत चहा ओतत होता. कबुलीतली वाक्यं ओळखीची होती. माझ्या रायटरनं सकाळीच तो जबाब फोनवर वार्ताहराला वाचून दाखवला होता.

कंपोझिटरनं बातमी उलटीच वाचली. बशी खाली ठेवली. "आता नोकरी गेली बघा साहेब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात त्याच्या कचेरीत गेलो. साहेबाच्या टेबलावर ते कात्रण होतं, त्याच्या नावाच्या फाइलीला टाचलेलं. मी सांगितलं, हा माणूस निर्दोष आहे, कोर्टापुढे उभाच केलेला नाही, लेखी देतो. कचेरीतल्या साहेबानं माझं पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो. पण पेपरात आलंय ना."

"मी तपास अधिकारी आहे. मी समोर बसून सांगतोय!"

"ते आहेच. पण उद्या वरून विचारलं तर? पेपरात खुलासा आला तर बघू."

जिथून आग लागली तिथूनच आता पाणी आणायचं होतं. मी छापखान्यात गेलो आणि चंदगडचा अंक मालकांच्या पुढ्यात टाकला. त्यांनी तो बघितला, चष्मा काढला, पुसला.

"छपाईची चूक झाली साहेब."

"हल्ला आधी छापला, ही छपाईची चूक?"

मालक हसले. मग दार लावून घेतलं आणि सरळ बोलले. "तुमी खोट्या फिर्यादीचा रिपोर्ट कोर्टात धाडनार. धाडा. तुमचं काम हाय. पन मतदान झाल्यावर. माझं एवढं ऐका, उद्या खुलासा छापतो. तुमच्या त्या मानसाची नोकरी ऱ्हाईल. न्हाई ऐकलं तर मी बी काय छापनार न्हाई."

रिपोर्ट तयार होता, माझ्या खणात. तो त्या आठवड्यात कोर्टात गेला असता, बातमी झाली असती, तर निवडणुकीचं काय झालं असतं हे पेठेतलं शेंबडं पोर सांगेल. एका बाजूला सबंध शहर आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीतला तो एक कागद. मी कायद्याचा माणूस. काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं.

मी म्हणालो, "उद्याच्या अंकात पाहिजे. आणि आदल्या दिवशी लिहून ठेवा म्हणजे चुकणार नाही."

खुलासा आला. चौथ्या पानावर, लॉटरीच्या निकालाखाली, तीन ओळी. कचेरीच्या साहेबानं माझं शिक्क्याचं पत्र फाइलीत मागे सरकवलं आणि त्या तीन ओळींचं कात्रण वर टाचलं. "आता ठीक आहे," म्हणाला, "पेपरात आलं."

मालक निवडून आले. पेढे घेऊन ठाण्यात आले, मी खाल्ले नाहीत, एवढाच माझा पराक्रम. मतदानानंतर रिपोर्ट पाठवला. तो आमदारावर होता, त्यामुळे 'अभिप्रायासाठी' वर गेला, शंका लावून खाली आला, पुन्हा वर गेला. तेवढ्यात माझी बदली झाली. माझ्या निरोप समारंभाची बातमी मी स्वतःच वाचली, 'साश्रू नयनांनी निरोप'. समारंभ दुसऱ्या दिवशी होता आणि मी त्याला गेलो नाही.

जायच्या आधी कंपोझिटर भेटायला आला. खिशातून खुलाशाचं कात्रण काढून दाखवलं. "लई बारीक टाइप वापरलाय साहेब. माफी आमी बी ह्याच टायपात बसवायचो," म्हणून हसला.

"मालकांचा राग येत नाही तुम्हाला?"

"येतोय की. न येऊन कसं चालंल? पन मी असतो तर त्यांची ही चूक झाली नसती बघा. पयलं पान बदलल्याबिगर गठ्ठा काढूच दिला नसता." हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मग म्हणाला, "तुमी माझा जबाब फाडला, त्ये मी इसरनार न्हाई. छापल्यालं कोन फाडत न्हाई, साहेब."

त्या तीन ओळींसाठी मी काय दिलं, ते मी त्याला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय. चूक केली का, असं स्वतःला पुष्कळदा विचारलं. कायद्यानं केली. पण ती बाई पायरीवर तो कागद घेऊन बसलेली आठवली की पुन्हा तेच करीन असं वाटतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

या प्रकरणानं शिकवलं म्हणाल तर एकच. पुढची सगळी नोकरी मी प्रत्येक जबाब कोऱ्या कागदावरच घेतला, माणूस बोलायला लागल्यावरच पेन उघडलं, आणि कागद टेबलावर समोरच्याकडे तोंड करून ठेवला. मान वाकडी करून लिहायला मला त्रास व्हायचा, रायटर कुरकुर करायचे. करू देत. आपल्याविषयी काय लिहिलं जातंय ते त्या माणसाला तरी सरळ दिसलं पाहिजे. प्रत्येकाला काही उलटं वाचता येत नाही.